झेड अँड्रोमिडीच्या उद्रेकाचा वर्णपट: तांबडा राक्षसी तारा गेला कुठे?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता):

मंडळी, चार रात्री डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे, म्हणून धागा काढतोय.

देवयानी तारकासमूहातला झेड अँड्रोमिडी हा सहजीवी तारा, म्हणजे थंड तांबडा राक्षसी तारा आणि छोटा तप्त श्वेत बटू यांची जोडी, उद्रेकात आहे. माझ्याकडे ८ इंची दुर्बीण आणि फट असलेला कमी विभेदनाचा स्पेक्ट्रोग्राफ आहे, विभेदनक्षमता (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची ताकद) साधारण ६००. मागच्या हंगामात तारा शांत असताना सरावापुरता त्याचा एक वर्णपट घेऊन ठेवला होता. तो अगदी पुस्तकी होता. थंड राक्षसी ताऱ्याची खूण असलेल्या टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांनी लाल बाजूला जिन्यासारख्या पायऱ्या पडलेल्या, आणि त्यावर हायड्रोजन-हेलियमच्या उत्सर्जन रेषा सुळक्यांसारख्या उभ्या. हायड्रोजनची लाल रेषा एच-अल्फा तर कागदाबाहेर जाईल इतकी उंच.

आता उद्रेकातला वर्णपट पाहतो तर पायऱ्या जवळपास पुसल्या गेल्यात. निळी बाजू वर उचलली गेली आहे. ४६८६ अँगस्ट्रॉमची (तरंगलांबीचं एकक) आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमची रेषा, जी आधी हायड्रोजनच्या एच-बीटा (४८६१) रेषेच्या खांद्याला खांदा लावून होती, ती आता शोधावी लागते. पहिल्या रात्री मला वाटलं की फटीवर शेजारचाच कुठला तरी तारा आला. दुसऱ्या रात्री नकाशा तीनदा ताडून पाहिला. तारा तोच आहे.

मग तांबडा राक्षसी तारा गेला कुठे? आणि हेलियमची रेषा खरंच कोसळली का?

श्वेतबटू:

अभिनंदन आधी! शांत आणि उद्रेकातला, दोन्ही वर्णपट एकाच उपकरणावर असणं ही मोठी गोष्ट आहे. बहुतेक जण उद्रेकाची बातमी आली की दुर्बीण वळवतात, आणि मग तुलनेला हाती काही नसतं.

राक्षसी तारा कुठेही गेलेला नाही. चंद्र दिवसाही आकाशात असतो, फक्त फिकट दिसतो, तसं समजा. तुमच्या ताऱ्यात एम वर्गाचा थंड राक्षसी तारा आणि त्याचा तारकावारा ओढून घेणारा श्वेत बटू, असे दोघे एकमेकांभोवती सुमारे ७५९ दिवसांत फिरतात. एरवी श्वेत बटूचा पृष्ठभाग लाखभर केल्व्हिन तापमानाचा असतो आणि त्याची बहुतेक ऊर्जा अतिनील भागात जाते. दृश्य प्रकाशात तो स्वतः फारसा दिसतच नाही. त्याच्या अतिनील किरणांनी आयनीभूत झालेला वायू तेवढा चमकतो आणि तुमचे सुळके तयार होतात.

उद्रेकात श्वेत बटूभोवतीचं आवरण फुगतं. फुगलं की थंड होतं, आणि थंड झालं की त्याची ऊर्जा अतिनीलमधून दृश्य भागात सरकते. लाखभर केल्व्हिनच्या जागी दहा हजारांच्या आसपासचा, ए किंवा एफ वर्गाच्या महाराक्षसी ताऱ्यासारखा दिसणारा एक खोटा पृष्ठभाग आपल्यासमोर येतो. तुमची निळी बाजू उचलली गेली ती यामुळे.

आता साधं गणित. तारा किती उजळला?

ध्रुवमत्स्य:

माझ्या स्वतःच्या दीप्तिमापनात व्ही (हिरवट-पिवळ्या) फिल्टरमधून १०.६ प्रतीवरून ९.१ (आकडा लहान तितका तारा तेजस्वी).

श्वेतबटू:

म्हणजे दीड प्रतीचा फरक, जवळपास ४ पट प्रकाश. राक्षसी तारा होता तेवढाच आहे, पण एकूण व्ही प्रकाशात त्याचा वाटा आता फार तर चौथा हिस्सा. जो पट्टा आधी ५० टक्के खोल होता तो आता १२-१३ टक्क्यांवर येणार. तुमच्या विभेदनाला आणि गोंगाटाला तो पुसल्यासारखाच दिसेल. लाल टोकाकडे मात्र राक्षसी ताऱ्याचा वाटा जास्त असतो. ७०५४ अँगस्ट्रॉमला एक पायरी असते, ती बघा. ५१६७ च्या पायरीपेक्षा तिची आशा जास्त.

आणि ७६०५ च्या आसपासच्या खोल खड्ड्याला टायटॅनियम ऑक्साइड समजू नका. तो आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनचा. ६८७० चाही तसाच.

ध्रुवमत्स्य:

७०५४ ची पायरी सापडली! आलेख ताणून पाहिल्यावर स्पष्ट दिसते. खरं सांगतो, फार आनंद झाला. ती पायरी म्हणजे चौपट झगमगाटाच्या मागे उभा असलेला तो थंड तारा.

आता हेलियमचं सांगा. मी समतुल्य रुंदी मोजली. शांत अवस्थेत एच-बीटा ६० अँगस्ट्रॉम, ४६८६ ची रेषा ४०. उद्रेकात एच-बीटा २४ आणि ४६८६ फक्त ५. म्हणजे हेलियम आठव्या हिश्शावर आला आणि हायड्रोजनही निम्म्याखाली घसरला. बरोबर ना?

शर्मिष्ठा:

थांबा, इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. माझाही पहिल्या उद्रेकात घसरला होता.

समतुल्य रुंदी म्हणजे रेषेतला प्रकाश भागिले तिच्या शेजारचा सलग पार्श्वप्रकाश. तुमच्या बाबतीत भाजकच कित्येक पट वाढला आहे. रेषा जागच्या जागी राहिली आणि पार्श्वप्रकाश चौपट झाला, तरी समतुल्य रुंदी पाव होईल. पार्श्वप्रकाश १ धरून सपाट केलेले वर्णपट शेजारी ठेवले की डोळा हमखास फसतो, कारण जमीनच वर आली आहे हे आलेखात कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून प्रत्येक रुंदीला उजळण्याच्या पटीने गुणा. ४ पट धरली तर एच-बीटा: २४ गुणिले ४ म्हणजे ९६, विरुद्ध ६०. दीडपटीहून जास्त वाढ, घसरण नव्हेच. ४६८६ ची रेषा: ५ गुणिले ४ म्हणजे २०, विरुद्ध ४०. निम्मी.

रात्रपाळी:

शर्मिष्ठाताई, एक दुरुस्ती सुचवतो. ४ पट ही व्ही फिल्टरची, म्हणजे ५५०० अँगस्ट्रॉमच्या आसपासची. ४६८६ आणि ४८६१ या रेषा निळ्या बाजूला आहेत आणि उद्रेकात सगळ्यात जास्त वाढतो तो निळा प्रकाशच. त्याच आठवड्यात मी या ताऱ्याचं बी (निळ्या) फिल्टरमधूनही मापन केलं आहे. आता बी ९.५ आहे, ध्रुवमत्स्यांनी शांत वर्णपट घेतला त्या सुमाराला माझ्या वहीत ११.७ आहे. फरक २.२ प्रतींचा, म्हणजे ७.६ पट.

मग एच-बीटा: २४ गुणिले ७.६, सुमारे १८२. तिप्पट वाढ. आणि ४६८६: ५ गुणिले ७.६, म्हणजे ३८. आधी ४० होती.

शर्मिष्ठा:

बरोबर आहे तुमचं, मी घाईत व्ही धरला. तर हेलियमची रेषा कोसळलेलीच नाही! होती तिथेच आहे, आणि हायड्रोजन तिच्यापुढे निघून गेला.

एवढं लक्षात ठेवा की बी फिल्टरमध्ये स्वतः उत्सर्जन रेषांचाही प्रकाश येतो. सहजीवी ताऱ्यात रेषा इतक्या तगड्या असतात की शांत अवस्थेत त्यांचा वाटा दुर्लक्षून चालत नाही. त्यामुळे पार्श्वप्रकाशाची खरी वाढ ७.६ पेक्षा थोडी जास्तच असेल.

नवखा_निरीक्षक:

मी अजून शिकतोय, म्हणून विचारतो. आवरण थंड झालं असेल तर हेलियम आयनीभूत कोण करतंय? दहा हजार केल्व्हिनच्या ताऱ्याला ते जमेल का?

श्वेतबटू:

फार चांगला प्रश्न. नाही जमणार. ४६८६ ची रेषा दिसायला हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढावे लागतात आणि दुसऱ्यासाठी ५४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. एवढ्या ऊर्जेचे फोटॉन दहा हजार केल्व्हिनला जवळपास नसतातच.

स्लोव्हाकियाचे ऑगस्टिन स्कोपाल यांनी अशा ताऱ्यांच्या अतिनील ते अवरक्त प्रकाशाचा एकत्र अभ्यास करून एक चित्र मांडलं आहे, आणि मला ते पटतं. फुगलेलं आवरण गोल नसून कक्षेच्या पातळीत जाड चकतीसारखं पसरतं. आपण कडेकडून पाहत असू तर समोर ती थंड कड दिसते आणि आतला तप्त तारा झाकला जातो. ध्रुवांच्या दिशेने मात्र तो उघडाच असतो आणि वरखालच्या वायूला आयनीभूत करत राहतो. एकाच वेळी थंड आणि तप्त, दोन्ही खुणा एकाच वर्णपटात का दिसतात, त्याचं उत्तर यात आहे. झेड अँड्रोमिडीची कक्षा आपल्याला बरीचशी कडेकडून दिसते, असं स्कोपाल यांचं मत आहे.

नवखा_निरीक्षक:

आणि घरच्या उपकरणाने तापमान काढता येतं का?

श्वेतबटू:

अंदाज नक्की येतो. एक सोपा नियम वापरात आहे: वर्णपटात दिसणाऱ्या सर्वांत जास्त आयनीभूत मूलद्रव्याची आयनीभवन ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये घ्या, तितके हजार केल्व्हिन हे तप्त ताऱ्याचं साधारण तापमान. सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची ६०८७ ची रेषा दिसली तर सुमारे ९९ हजार. पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन दिसला तर सुमारे १ लाख १४ हजार.

ध्रुवमत्स्य, तुमच्या शांत वर्णपटात ६८२५ ला काही दिसतं का?

ध्रुवमत्स्य:

हो, एक पसरट उंचवटा आहे! ६८७० च्या वातावरणीय खड्ड्याच्या जरा अलीकडे. मी तो कॅलिब्रेशनचा दोष समजून सोडून दिला होता. उद्रेकातल्या वर्णपटात तो नाही.

श्वेतबटू:

दोष नव्हे, तो या साऱ्या खेळातला सर्वांत सुंदर भाग आहे. ६८२५ आणि ७०८२ चे हे दोन पट्टे कित्येक दशकं ओळखता आले नव्हते. १९८९ मध्ये हान्स मार्टिन श्मिड यांनी ते कोडं सोडवलं. पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा १०३२ अँगस्ट्रॉमचा अतिनील फोटॉन राक्षसी ताऱ्याजवळच्या साध्या, उदासीन हायड्रोजनच्या अणूवर आदळतो. अणू त्यातली लायमन-अल्फाएवढी (हायड्रोजनच्या एका अतिनील रेषेएवढी) ऊर्जा ठेवून घेतो आणि उरलेली ६८२५ च्या लाल फोटॉनच्या रूपात सोडतो. हे रामन विकिरण. ७०८२ चा पट्टा तसाच १०३८ च्या फोटॉनपासून.

रामन यांचा परिणाम आपण प्रयोगशाळेत रेणूंच्या संदर्भात शिकतो. इथे तो दोन ताऱ्यांमधल्या अवकाशात, अणूंवर, आपल्या छोट्या दुर्बिणीतून दिसतो. मला दर वेळी भरून येतं.

पट्टा पसरट का, तर या प्रक्रियेत मूळ रेषेची वेगातली रुंदी साडेसहा पटींहून जास्त ताणली जाते (६८२५ भागिले १०३२). अलीकडे उभ्या असलेल्या लाखभर केल्व्हिनच्या ताऱ्याची आणि पलीकडच्या थंड वाऱ्याची दोघांची सही एकाच पट्ट्यात असते, म्हणून सहजीवी ताऱ्यांशिवाय तो फारसा कुठे सापडत नाही. तुमच्या उद्रेकात तो गेला याचा अर्थ ऑक्सिजनला तितकं आयनीभूत करणारे फोटॉन आता राक्षसी ताऱ्याच्या दिशेने पोहोचत नाहीत. चकतीच्या चित्राशी हे जुळतं: चकती कक्षेच्याच पातळीत आहे, राक्षसी ताराही त्याच पातळीत.

रात्रपाळी:

उपकरणांबद्दल थोडं, कारण वर्णपट छान असला तरी मापन बिघडवणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत.

एच-अल्फा तपासा. पार्श्वप्रकाश नीट यावा म्हणून ३०० सेकंदांचं एक्स्पोजर घेतलं की एच-अल्फाचा माथा कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेला टेकतो आणि वर सपाट होतो. मग ती रुंदी निरुपयोगी. १० सेकंदांची काही एक्स्पोजर वेगळी घ्या, एच-अल्फा त्यातून मोजा.

४३६३ ची, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा मोजत असाल तर पाऱ्याच्या दिव्यांची ४३५८ ची रेषा तुमच्या विभेदनाला तिच्यात मिसळते. आकाशाची पार्श्वभूमी वजा करताना फटीच्या दोन्ही बाजूंची घ्या.

आणि तारा क्षितिजाजवळ असेल तर वातावरण निळा प्रकाश लाल प्रकाशापासून बाजूला सरकवतं, तो फटीबाहेर सांडतो. एच-अल्फा आणि एच-बीटा यांचं गुणोत्तर त्याने बिघडतं. ४६८६ आणि ४८६१ इतक्या शेजारी आहेत की त्यांच्या गुणोत्तरावर फार फरक पडत नाही, म्हणून त्या जोडीवर माझा विश्वास जास्त. तुमचं गुणोत्तर ०.६७ वरून ०.२१ वर आलं आहे, तेवढं तर पक्कं.

नवखा_निरीक्षक:

टी कोरोनी बोरिॲलिस या ताऱ्याच्या उद्रेकाची एवढी वाट पाहिली जाते, तोही सहजीवीच ना? त्याचा उद्रेक असाच असतो?

शर्मिष्ठा:

जोडी तशीच, उद्रेक फार वेगळा. तो पुनरावर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा भडकणारा नवतारा. १८६६ आणि १९४६ मध्ये तो दहाव्या प्रतीवरून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला. तिथे श्वेत बटूवर साचलेला हायड्रोजन एकदम पेट घेतो आणि कवच भिरकावलं जातं. झेड अँड्रोमिडीत एक ते तीन प्रतींची वाढ आणि महिनोन्महिने चालणारा खेळ. २००० साली सुरू झालेल्या त्याच्या मोठ्या उद्रेकाबद्दल मात्र असं सुचवलं गेलं की आधी चकतीतून द्रव्याचा लोंढा आला आणि त्याने पृष्ठभागावरचं ज्वलन भडकवलं, म्हणजे दोन्हींचं मिश्रण.

नवताऱ्याचा वर्णपट कसा असतो ते मी ऑगस्ट २०२१ मध्ये आर एस ऑफियुची या नवताऱ्यात पाहिलं. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाचा रुंद पाया आणि त्याच्या माथ्यावर राक्षसी ताऱ्याच्या संथ वाऱ्याची टोकदार, अरुंद रेषा. रात्रीमागून रात्र पाया अरुंद होत गेला, कारण कवच त्या वाऱ्यात घुसून मंदावत होतं. पुढे काही आठवड्यांनी ५३०३ आणि ६३७५ च्या, सूर्याच्या प्रभामंडळात दिसणाऱ्या लोहाच्या रेषा आल्या. धडकेने वायू दहा लाख केल्व्हिनच्या वर तापल्याची ती खूण.

ध्रुवमत्स्य, एच-अल्फाच्या दोन्ही बाजूंनाही लक्ष ठेवा. २००६ च्या उद्रेकात या ताऱ्याने दोन विरुद्ध दिशांना झोत सोडले होते, सेकंदाला हजार किलोमीटरहून जास्त वेगाने. १२०० चा वेग धरला तर मुख्य रेषेपासून सुमारे २६ अँगस्ट्रॉम अंतरावर दोन्हीकडे एकेक छोटा उंचवटा. तुमच्या विभेदनाला तेवढं अंतर वेगळं दिसू शकतं.

आणि एक शंका मनात आहे, ती आता विचारतेच. तुमचा शांत वर्णपट नेमका किती दिवसांपूर्वीचा?

ध्रुवमत्स्य:

३८० दिवस.

शर्मिष्ठा:

तीच भीती होती. कक्षा ७५९ दिवसांची, म्हणजे तुम्ही बरोबर अर्ध्या फेरीच्या अंतराने दोन वर्णपट घेतलेत. शांत अवस्थेतही या ताऱ्याचा नेब्युलर प्रकाश (आयनीभूत वायूचा प्रकाश) कक्षेबरोबर लाटेसारखा कमी-जास्त होतो. श्वेत बटू आपल्या बाजूला असताना जास्त, राक्षसी तारा मध्ये आला की कमी. तुमच्या तिप्पट वाढीतला काही भाग उद्रेकाचा नसून नुसता बाजू बदलल्याचा असू शकतो. एका पूर्ण फेरीपूर्वीचा शांत वर्णपट हवा.

रात्रपाळी:

माझ्याकडे आहे. ७५५ दिवसांपूर्वीचा, विभेदनक्षमता १०००. धुळीच्या रात्री घेतला म्हणून कुठे टाकला नव्हता, पण या दोन रेषा नीट आहेत. एच-बीटा ७५, ४६८६ ची ५०, आणि त्या आठवड्यातलं बी ११.५.

ध्रुवमत्स्य:

मनापासून आभार. लगेच गणित केलं.

११.५ ते ९.५ म्हणजे २ प्रती, ६.३ पट. एच-बीटा: २४ गुणिले ६.३, सुमारे १५१, विरुद्ध ७५. दुप्पट. ४६८६: ५ गुणिले ६.३, सुमारे ३२, विरुद्ध ५०. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश उरली.

आठवा हिस्सा, मग निम्मी, मग जशीच्या तशी, आणि आता दोन तृतीयांश. माझा वर्णपट एकच, एका बिंदूनेही बदलला नाही.

श्वेतबटू:

आणि ५ अँगस्ट्रॉमच्या फिकट रेषेवर तुमची चूक २० टक्क्यांपर्यंत सहज असेल, पार्श्वप्रकाशाची रेघ कुठे ओढली त्यावर. शेजारी ४६४० ला नायट्रोजनच्या रेषांचा गुंता आहे, तो पाया वर उचलतो. ती रुंदी तीन वेळा, वेगवेगळी रेघ ओढून मोजा आणि तिन्ही आकडे इथे द्या. पण आता घट खरी वाटते. ध्रुवांकडूनही थोडी वाट बुजली असावी.

ध्रुवमत्स्य:

मोजले: ४.३, ५.१, ५.६. सर्वांत मोठा घेतला तरी ५० च्या जागी ३५. घट टिकते.

एच-अल्फाचा माथा तपासला, तो सपाटच होता, त्यामुळे ती रुंदी रद्द. काल १० सेकंदांची ३० एक्स्पोजर घेतली. २६ अँगस्ट्रॉमवर दोन्हीकडे काही दिसलं नाही. दर चौथ्या-पाचव्या रात्री एक वर्णपट आणि त्याच रात्री बी व व्ही, असं ठरवलं आहे. रात्रपाळी, तुमच्या वहीतल्या बी नोंदी आणि ती फाइल पाठवाल का? ६८२५ चा पट्टा परत यायला लागला की इथे कळवतो.